लिंबाएवढे लाडू, दर अर्ध्या तासाला

आमचे हे आरंभशूर. हा शिक्का मी मारलेला नाही, मामंजींनी मारलेला. लग्न होऊन मी जालन्याहून सासरी, पिंपळगाव रेणुकाईला आले, त्या पहिल्याच आठवड्यात मामंजींनी मला समोर बसवून सांगून टाकलं, "पोरगा गुणाचा हाय. पर ह्याचं कोणतंबी काम शेवटाला जात न्हाई. आदीच सांगून ठेवतो, मंग मला बोल लावू नको." पुरावेही भक्कम होते. तंत्रनिकेतनाचा अभ्यासक्रम दोन वर्षं करून सोडलेला. तिथल्या शेतात मोसंबीची बाग लावून तिसऱ्या वर्षी मोडलेली. घरामागं एक खोली बांधायला काढलेली, तिच्या भिंती छातीपर्यंत येऊन थांबलेल्या आणि आत शेळी बांधलेली. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ते शेजारीच बसून मान खाली घालून हसत होते.

ते हसणं खरं नव्हतं, हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली. तोवर आमचं जाफराबादला बस्तान बसलं होतं. हे पंचायत समितीत लिपिक, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. एका संध्याकाळी हे वाचनालयातून एक जुनं क्रीडा मासिक घेऊन आले. नव्वदनंतरची वर्षं होती. आमच्याकडं मासिकं शिळी होऊनच पोचायची. त्यात एका स्पर्धेची माहिती होती. दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल हाणायची, ती टाकून एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात, नऊ तासांच्या आत. पिंपळगावच्या विहिरींत हे लहानपणापासून सूर मारत आलेले, सायकल तर रोजचीच. पळणं तेवढं नवीन होतं.

"मला एक तरी गोष्ट शेवटाला न्यायची हाय," हे म्हणाले. आवाज असा होता की चेष्टा करायला आलेली जीभ मी आवरली. मग मासिकातल्या फोटोकडं बघत त्यांनीच विचारलं, "पर हे लोक मधी जेवतेत कवा?"

त्या प्रश्नानं मी जी अडकले ती दोन वर्षं. पचनसंस्था मी दरवर्षी सातवीला शिकवत होते, फळ्यावर जठर काढायचा माझा हात बसलेला होता. पण सायकलवर बसलेल्या माणसाच्या जठराचं काय होतं, हे मला कुठं ठाऊक होतं? आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "दूध पाजा, मॅडम. भरपूर." पाजलं. पहिल्या दहा किलोमीटरांत सगळं दूध रस्त्याच्या कडेला गेलं. तेव्हा ठरवलं की सल्ला अशांना विचारायचा, जे दिवसभर अंग मोडून काम करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहतात.

मामंजींच्या शेतात दरवर्षी कापूस वेचायला एक वयस्क बाई यायची. अंगानं काटकुळी, पण संध्याकाळी तिचं गाठोडं सगळ्यांपेक्षा जड. मी एक रविवार तिच्या ओळीशेजारी चालत काढला. सकाळी तरण्या बायका तिच्या पुढं निघून गेल्या, तिला फिकीर नव्हती. दुपारी त्या बांधावर पाय पसरून बसल्या, तेव्हा हिचा हात सकाळी चालत होता तसाच चालू होता. आणि मधूनमधून ती ओच्यातून भाकरीचा तुकडा काढून तोंडात टाकायची.

"तुम्ही जेवायच्या सुट्टीला का थांबत नाही?" मी विचारलं.

"भूक लागल्यावर खाल्लं, तर उशीर झालेला असतो बाई," ती म्हणाली. "भुकेला कळायच्या आदी खायचं. आन् सकाळच्या पारी हात लई पळतो, त्याला पळू द्यायचं न्हाई. त्यो दुपारून बदला घेतो."

मी घरी येऊन हे वहीत लिहून ठेवलं. नंतर इतकं वाचलं, इतक्यांना विचारलं. त्याहून शहाणं मला कुणी काही सांगितलं नाही.

पण आरंभशूराचा हात सकाळी रोखायचा कसा? ह्यांचा स्वभाव असा की सायकलवर टांग टाकली की पहिला तास वाऱ्यावर, दुसरा तास घामावर आणि तिसरा देवाच्या भरवशावर. घड्याळ बघा म्हटलं तर विसरायचे. नाडी मोजा म्हटलं तर एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हाताची नाडी कशी मोजायची, असं मलाच विचारायचे, आणि ते बराबर होतं. शेवटी मला पाढ्यांची आठवण झाली. मामंजींनी ह्यांच्याकडून लहानपणी एकोणतीसचा पाढा छडी घेऊन पाठ करून घेतला होता, आणि अर्ध्यात न सुटलेली ह्यांच्या आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट. नियम केला: सायकल चालवताना एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. एका दमात तीन ओळी झाल्या तर वेग ठीक. दोनच ओळीत धाप लागली तर हळू व्हायचं, कितीही जोर वाटत असला तरी. चार ओळी झाल्या तर आळस करून राह्यलात असं समजायचं. भोकरदनच्या रस्त्यावरचे लोक काही दिवस म्हणत होते की पंचायत समितीतल्या क्लार्कच्या डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही म्हणू दिलं.

पाण्याचा हिशोब मात्र बाजारात लागला. तीन तास सायकल चालवल्यावर अंगातून किती पाणी जातं, हे मला मोजायचं होतं, आणि घरात काटा नव्हता. जाफराबादच्या बाजारात कापसाच्या व्यापाऱ्याकडं मोठा काटा होता. सकाळी ह्यांना त्यावर उभं केलं, तीन तासांनी परत आणून उभं केलं. मधे एक बाटली पाणी पिऊनसुद्धा दोन किलो कमी! व्यापारी म्हणाला, "बाई, सकाळी माल ओला आणला व्हता जणू." कापसात पाणी मारून आणणाऱ्यांशी रोज भांडणारा माणूस तो, त्याला दुसरं काय सुचणार? पुढच्या खेपेला तासाला एक बाटली दिली, चिमूटभर मीठ, लिंबू आणि गूळ घालून, तेव्हा वजन अर्धा किलोच घटलं. मी काट्यासमोर टाळ्या वाजवल्या. हमालही हसले.

मग खाणं. साबुदाण्याची खिचडी पोटात दगड होऊन बसली. खजूर चालला, पण चौथ्या खजुरानंतर ह्यांना गोडाची शिसारी आली. गूळ-शेंगदाण्याचा लाडू नेहमीएवढा दिला तर घशात अडकायचा, म्हणून लिंबाएवढा केला. शेंगदाणे बारीक कुटले, गूळ थोडा कमी केला. दर अर्ध्या तासाला एक. दोन लाडवांनंतर एक मीठ लावलेला उकडलेला बटाटा, म्हणजे तोंडाला चव राहते. पळताना चावायचं काही नाही, फक्त गुळाचं पाणी. हे सगळं मी तारखा घालून वहीत लिहीत गेले, समोर परिणाम: 'उलटी', 'ठीक', 'पोटात गुडगुड', 'गाणं म्हणत आले'. माझ्याच नवऱ्यावर मी असा प्रयोग करत होते की शाळेतला बेडूक परवडला.

सहा महिन्यांनी पहिली मोठी तालीम ठरली. पहाटे गावाजवळच्या तलावात पोहायचं, मग जाफराबादहून भोकरदन, पिंपळगाव रेणुकाई करत धावड्यापर्यंत सायकल आणि तसंच परत, आणि उरलं त्राण तर पळायचं. जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास होत होतं. धावड्याला माझी थोरली नणंद दिली होती. अर्ध्या वाटेवर आपलं हक्काचं माणूस, ह्याहून चांगली सोय कुठली? आदल्या दिवशी मी एसटीनं जाऊन त्यांना समजावून आले. दोन बाटल्या, चार लाडू, दोन बटाटे त्यांच्या हवाली केले. "ताई, हे सायकलवरून उतरणार नाहीत. दारातच हातात द्यायचं. दुसरं काही म्हणजे काही नाही." त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी अकरापर्यंत हे परत भोकरदनला दिसायला हवे होते. मी तिथं स्टँडवर थांबले होते. बारा वाजले, एक वाजला. दीडला एक काळीपिवळी जीप आली. टपावर आमची सायकल आडवी बांधलेली आणि आत, दोन शेळ्या आणि अकरा माणसांच्या मधे, आमचे हे. चेहरा पांढराफटक.

झालं होतं असं, की भाऊ दिवाळीनंतर पहिल्यांदा दारात आलेला. ताईंनी पहाटे उठून पुरण घातलं होतं. पाटाभोवती रांगोळी काढली होती. हे सायकलवरून उतरले, आणि मग वाटीभर तूप, चार पोळ्या, आमटी, भजी. वर ओवाळणं. पिंपळगावच्या अलीकडं एका बाभळीखाली सगळं उलटून पडलं, आणि पायांत गोळे आले ते जातच नव्हते.

मी रागानं, ह्यांना बरोबर घेऊन, थेट धावड्याला गेले. बोलायचं ते सगळं बोलले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वैनी, तुमचं सायन्स शाळेत. माहा भाऊ उन्हातून माह्या दारात आल्ता. त्याला उभ्याउभ्या बटाटा देऊन वाटंला लावू? लोक काय, मी सवताला काय तोंड दाखवू?" आणि मलाही जेवायला वाढलं. मी जेवले. राग होता, तरी दोन पोळ्या खाल्ल्या. पुरण फार चांगलं झालं होतं.

परतताना जीपमध्ये मी ह्यांना खूप हिणवलं. "नको म्हणायला काय होत होतं? तोंड नव्हतं?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिनं पाट मांडला व्हता." मला ते उत्तर बिलकुल पटलं नाही. वाटेत पिंपळगावला उतरलो, तर तिथं बातमी पोचली होतीच. मामंजी नुसते त्या अर्ध्या खोलीकडं बघून घरात गेले, आणि हे दोन दिवस जेवणाच्या ताटावर नीट बसले नाहीत.

त्यानंतर मी एकच धोरण ठेवलं: ओळखीच्या दारावरून रस्ता जाता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या भागात नव्वद किलोमीटरचा असा रस्ता शोधून दाखवा, जिथं एकही सोयरा नाही! कुठं मावस सासू, कुठं साडू, कुठं ह्यांना शिकवलेला मास्तर. शेवटी एक आडवाटेचा रस्ता सापडला आणि त्यावर आम्ही दीड वर्ष सराव केला. लाडू खिशात, बटाटे पिशवीत, पाढा तोंडात. तिसऱ्या तालमीला सगळं पार पडलं. हे अंगणात पळत आले तेव्हा एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हणत होते. त्या दिवशी मी वहीत 'पूर्ण' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

स्पर्धा समुद्रकाठच्या एका लांबच्या शहरात होती. आम्ही दोघंच गेलो. नियमांचा कागद इंग्रजीत होता; लॉजवर मी तो ह्यांना दोनदा वाचून दाखवला. त्यात एक कलम होतं: सायकलवर स्वतःजवळचं खाता येईल, पण पळताना फक्त आयोजकांच्या टेबलावरचंच घ्यायचं. बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर नाव कापलं जाईल. "कुणाचीबी म्हंजे तुहीबी?" ह्यांनी विचारलं. माझीही, मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो, कारण धावड्याचा पाट दोघांच्याही डोळ्यांपुढं आला.

विहिरीत आणि तलावात वाढलेल्या माणसाला समुद्र पहिल्या लाटेलाच थपडा मारतो. हे पाण्याबाहेर आले तेव्हा ओठ सुजलेले, डोळे लाल, पोटात खारं पाणी गेलेलं. पण सायकलवर सावरले. बाकीच्यांच्या गिअरच्या सायकली, आमची काळी साधी. मार्ग तीन फेऱ्यांचा होता. मी वळणावर उभी होते. पहिल्या फेरीला ह्यांचे ओठ हलताना दिसले, एका दमात तीन ओळी. पुढं जाणाऱ्यांना जाऊ देत होते. दुसऱ्या फेरीलाही तसंच. मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईला मी कापूस वेचणारीची गोष्ट सांगून टाकली.

पळण्यात मात्र ऊन आडवं आलं. आमच्याकडचं ऊन कोरडं. तिथलं चिकट, घाम वाळतच नव्हता. कापसाच्या काट्यावरचा माझा सगळा हिशोब तिथं खोटा ठरला. सतराव्या किलोमीटरच्या खुणेजवळ मी उभी होते. हे आले ते चालतच, आणि बंधाऱ्याच्या एका दगडावर बसले. पुढचं टेबल किलोमीटरभर लांब. उरलेलं अंतर चार किलोमीटर, उरलेला वेळ पन्नास मिनिटं. चालत गेलं तरी जमणार होतं. पण उठायला हवं होतं.

"उठा," मी म्हटलं. ते माझ्याकडं बघत होते. पिंढऱ्या आतून उडत होत्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या पिशवीत माझ्यासाठी आणलेलं गुळाचं पाणी होतं. मला डोळ्यांसमोर ती अर्धी भिंत दिसत होती, मामंजींची पाठ दिसत होती. हे इथंच बसून राहिले, तर हा माणूस पुन्हा जन्मात काही सुरू करणार नाही, असं वाटलं. मी बाटली काढली, बूच उघडलं आणि पुढं केली.

"नाव कापतील," मी म्हटलं. "पण शेवटापर्यंत तरी जाल."

त्यांनी बाटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी हात तसाच पुढं धरून बराच वेळ उभी होते. मग घेतली आणि सगळी प्यायले. थोड्या अंतरावर मोटारसायकलवर बसलेल्या पंचानं वहीत नंबर लिहिला. त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं. हे उठले, चालले, मग पळाले, आणि वेळेच्या आधी आठ मिनिटं रेषेच्या पलीकडं गेले. संध्याकाळी फळ्यावर पूर्ण करणाऱ्यांची यादी लागली. ह्यांचं नाव होतं, त्यावर आडवी रेघ मारलेली.

पिंपळगावला गेल्यावर मामंजींनी विचारलं, "झालं का शेवटाला?" हे म्हणाले, "माह्याकडून नियम मोडला, बाबा. नाव कापलं." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर डोळ्यांनी गप्प केलं. मामंजी 'हं' म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. पुढं दोनेक वर्षांनी मामंजी गेले. ह्यांनी स्पर्धेचं नाव परत काढलं नाही.

माझ्या वहीत मात्र एक जागा कोरी होती. बाकी प्रत्येक प्रयोगासमोर काही ना काही परिणाम लिहिलेला, त्या बाटलीसमोर काय लिहू? पाणी दिलं म्हणून उठले, की उठणारच होते? मला हे सोसेना. मामंजी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका दुपारी हे अंगणात सायकलची चेन पुसत बसले होते, तेव्हा मी विचारलं. "खरं सांगा. मी पाणी दिलं नसतं, तर त्या दगडावरून तुम्ही उठला असता?"

हे खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत असूनही विचारलं.

"उठलो असतो," ते म्हणाले. "पाढा म्हणून राह्यलो व्हतो मनात. दहाव्या ओळीला उठायचं ठरवलं व्हतं. आठवीवर आल्तो."

मी जवळजवळ ओरडले, "मग प्यायलात कशाला? कळत होतं ना, नाव जाईल?"

त्यांनी चेन खाली ठेवली, हात फडक्याला पुसले.

"तू हात पुढं केल्ता," ते म्हणाले. "किती येळ उभी व्हतीस."